बघतोय का गो?

मुंबईच्या विमानतळावर एक बाई चाकांची खुर्ची ढकलत आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि आमच्या परदेशवारीतलं पहिलं भांडण तिथेच झालं.

"वत्सला म्हात्रे कोण?" तिने विचारलं.

"मी. पण माझे पाय धड हाएत," ताई म्हणाली. "खुर्ची हिला द्या. हिचे गुडघे वाजतात."

गुडघे माझे वाजतात हे खरं, पण ते चार लोकांत जाहीर करायची काही गरज होती का? मी म्हटलं, "ताई, प्रशांतनं तुझ्या नावानं खुर्ची सांगून ठेवलीय. बस गुमान." ती बसली, पण मांडीवर पापडांचा डबा आणि तोंड असं फुगलेलं की डबा कुठला आणि गाल कुठला ते कळेना. खुर्ची पायांसाठी नव्हती, डोळ्यांसाठी होती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पण ते बोलायचं नाही, असा आमचा न ठरवता झालेला ठराव होता.

ताई म्हणजे माझी मोठी जाऊ. मी तिला पहिल्या दिवसापासून ताई म्हणते आणि अगंतुगंही करते. आमचं घर हमरापूरचं, पेणजवळचं. आमच्या गावात घराघरात गणपतीचे कारखाने. मी रोह्याकडची, निडीची. माहेरी भात आणि वाल. मातीची मूर्ती कशी धरायची हेही मला लग्न होऊन आले तेव्हा ठाऊक नव्हतं. ताईने शिकवलं. आता पितांबर, शेला, दागिने मी रंगवते. डोळे मात्र ताईचेच. आखणी (मूर्तीचे डोळे रेखाटणे) हे सगळ्यांत शेवटचं काम, आणि त्याची आमच्या घरची एक रीत आहे. आखणी चालू असताना रेडिओ बंद, गप्पा बंद. ताई श्वास धरून बुबुळ टेकवते, ब्रश खाली ठेवते आणि विचारते, "बघतोय का गो?" मग मी मूर्तीसमोरून या बाजूने त्या बाजूला चालत जायचं. बाप्पाची नजर माझ्याबरोबर आली की म्हणायचं, "बघतोय." मी तसं म्हटल्याशिवाय ती मूर्ती जागची हलवू द्यायची नाही.

गेल्या श्रावणात ताईने हा प्रश्न विचारणंच सोडून दिलं.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, पिकलाय, काढून टाकू या. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाली, "नाय." कारण तिची आई. ताईचं माहेर खाडीकडचं, मिठागरावर राबणाऱ्यांचं. तिच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन फार वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात झालं, आणि त्यानंतर त्या माउलीला काहीच दिसलं नाही. "मला अजून उजेड दिसतो, माणूस दिसतो," ताई म्हणायची. "तेवढा पण घालवू?" उरलेली आखणी माझ्या नवऱ्याने केली. बरी केली, वाईट नाही केली. पण गिऱ्हाईक मूर्ती हातात धरून विचारायचं, "यंदा ताईंचा हात नाही वाटतं?" ताई आतल्या खोलीत बसून ते ऐकायची.

तिचा मुलगा प्रशांत माल्टा नावाच्या देशात नर्सचं काम करतो. एक दिवस तो मला फोनवर म्हणाला, "काकी, आईला घेऊन इकडे ये. ऑपरेशनचं मी समजावून बघतो. आणि नाही ऐकलंन, तर दिसतंय तोवर तिला थोडं जग तरी दाखवू." पाडवा झाला की निघायचं, असं मी तिथेच ठरवून टाकलं. नवरा म्हणाला, "कारखाना?" मी म्हटलं, "कारखाना काय पळून जातो?"

माल्टा नकाशात शोधायला भिंग लागतं. इटलीच्या पायाशी समुद्रात दोन-तीन तांदळाचे दाणे सांडलेत, तो हा देश. दुबईला विमान बदलून आम्ही तिथे उतरलो तेव्हा दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं. आपल्याकडे चैत्रात ऊन अंगावर धावून येतं, तिथलं ऊन नुसतं अंगावर हात ठेवून बसतं. तपासणीच्या ठिकाणी साहेबाने माझी पिशवी उघडली. आत निडीहून भावाने पाठवलेले नवे कडवे वाल. त्याने एक दाणा चिमटीत धरून प्रश्नार्थक चेहरा केला. मी म्हटलं, "बीन्स. फॉर ईटिंग." त्याला पुढे बरंच काही विचारायचं असावं, पण तेवढ्यात ताईने खुर्चीतूनच त्याला पापडांचा डबा उघडून दाखवला आणि "घ्या, घ्या" म्हणाली. त्याने हसून आम्हाला वाट मोकळी करून दिली. पापडांचा निम्मा चुरा झाला होता, तो भाग वेगळा.

बाहेर प्रशांत उभा होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर पोचेपर्यंत ताईने त्याला ओळखलं नाही. त्याने ते पाहिलं, मी ते पाहिलं. मग त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला आणि चेहरा वर करायला जरा जास्तच वेळ घेतला.

तिथली घरं सगळी एकाच दगडाची, पिवळसर, मधाच्या रंगाची, आणि त्यांना लाकडी बंद सज्जे, कुठे हिरवे कुठे लाल. गाडीत मी ताईला एकेक सांगत होते. ती म्हणाली, "घरं मला चहाच्या रंगाची दिसतात."

"आहेतच तशी!" मला केवढा आनंद झाला. "आणि समुद्र? तो बघ उजवीकडे. कसला निळा आहे, बाई गं!"

ताईने मान वळवली. डोळे बारीक करून म्हणाली, "तो पण चहाच्या रंगाचा."

मी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली.

प्रशांतच्या खोलीखाली त्याची घरमालकीण राहते, दोरिस. आमच्याच वयाची, ठेंगणी, दिवसभर दारात खुर्ची टाकून बसणारी. तिला बघून मला आमच्या आळीची आठवण आली. ती प्रशांतशी इंग्रजीत बोले आणि शेजारणींशी माल्टीत. पण कुठल्याही भाषेत बोलली तरी दर वाक्याला एकदा "मेला!" म्हणायची. पहिल्या दिवशी ताई हबकलीच. "ही बया पोराला मेला मेला काय म्हणते? भाडं थकलंय काय त्याचं?" प्रशांत हसून हसून बेजार. तिकडे मेला म्हणजे 'बरं तर', 'अस्सं', 'मग काय'. शिवी नाही. तिसऱ्या दिवसापासून ताईच चहा गाळताना म्हणू लागली, "मेला, साखर किती घालू?"

दोरिसने आम्हाला बिजिल्ला (वाटलेल्या कडधान्याची लसूण घातलेली चटणी) आणून दिला. मी बोटाने चाटून पाहिला आणि थेट माहेरी गेले. आमच्या वालाचा लांबचा भाऊच तो! मग मीही हटून बसले. वाल भिजत घातले, मोड आणले, सोलले आणि डब्यातल्या नारळाच्या दुधात बिरडं केलं. सोलायला ताई बसली. वाल सोलायला डोळे लागत नाहीत. तिची बोटं भराभर चालत होती आणि दोरिस समोर बसून कौतुकाने बघत होती. बिरडं खाऊन ती म्हणाली, "कडू आहे. आणखी वाढा." मला ही बाई फार आवडली.

प्रशांतला सुट्टी मिळाली की तो आम्हाला फिरवायचा. पहिल्यांदा आम्ही हजार-ईमला गेलो. समुद्रावरच्या उतारावर अवाढव्य दगड उभे करून बांधलेलं देऊळ. पिरॅमिडच्याही आधीचं म्हणतात. वर ऊन-पावसासाठी मोठं पांढरं छत घातलंय. कोणता देव, काय त्याचं नाव, कोणाला ठाऊक नाही. ताईने विचारलं, "देऊळच ना?" प्रशांत म्हणाला, "हो." तिने दारातच चपला काढल्या. मग मीही काढल्या. आजूबाजूला टोप्या घातलेले गोरे लोक बूट घालून फिरतायत आणि आम्ही दोघी नऊवारी-सहावारीत अनवाणी. पहारेकरी धावत आला, पायांना काही लागेल म्हणाला. प्रशांतने त्याला सांगितलं की आमच्याकडे देवळात असंच जातात. तो माणूस आमच्या चपलांकडे बघत राहिला. आम्ही फिरून आलो तेव्हा त्या त्याने उचलून सावलीत नीट जोडीने लावून ठेवल्या होत्या. एवढ्या जुन्या देवळाला पुन्हा कोणीतरी भाविक भेटलं म्हणून त्यालाच बरं वाटलं असावं.

राजधानीच्या संग्रहालयात मात्र ताईने कमाल केली. त्या देवळांत सापडलेल्या बायकांच्या मूर्ती तिथे ठेवल्यात, चांगल्या भरल्या अंगाच्या, मांडी घालून बसलेल्या. बऱ्याच जणींना डोकी नाहीत. मानेच्या जागी नुसती खोबण. ताई काचेला नाक लावून बघत होती. मग तिथे बसलेल्या रक्षक बाईंना तिने मराठीतच विचारलं, "मुंडकी वाळायला ठेवलीत काय?"

चूक तिची नव्हती. आमच्याकडे माघ-फाल्गुनात कारखान्यात आलात तर हेच दिसेल. धडं एका फळीवर, सोंडा-हात दुसऱ्या फळीवर, अजून कशालाच रंग नाही. तिला वाटलं, माल अर्धवट आहे, सीझनपर्यंत होईल पुरा. प्रशांतने सांगितलं की ही हजारो वर्षं अशीच आहेत, डोकी हरवली. ताईचा चेहरा एकदम पडला. "म्हणजे यांची आखणी झालीच नाय?" ती म्हणाली. "एवढं बसल्यात बिचाऱ्या, आणि कुणाला बघितलं नाय कधी." आम्ही बाहेर आलो. कोपऱ्यावर प्रशांतने गरम पास्तित्सी (वाटाण्याचं सारण भरलेली खुसखुशीत करंजी) घेऊन दिली, ती तिने हातातच धरून ठेवली.

मग एक दिवस बोटीने गोझोला, शेजारच्या बेटावर. तिथे किनाऱ्याच्या खडकात चौकोन खोदून मिठागरं केलीत, अगदी समुद्राच्या पायरीवर. आपल्याकडे खाडीच्या चिखलाला चोपून बांध घालतात. इथे सगळा दगडच. मीठ अजून धरलं नव्हतं. एक नवरा-बायको चौकोन घासून साफ करत होती. ताई वाकली, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, आणि म्हणाली, "दहा-बारा दिवस नीट ऊन पडू दे. मग धरंल." उन्हाने सगळा खडक लखलखत होता. माझे डोळे दिपले, मी पदर पुढे ओढला.

"आई अशीच पदर ओढायची," ताई म्हणाली. तिला माझी हालचाल तेवढी दिसली होती. "मिठाची चमक फार वाईट गो. सांजच्याला घरी आली का डोळ्यांवर ओला फडका ठेवून निजायची. मग ते शिबिर आलं गावात. नाचत गेली होती बघ. आल्यावर दिसेल म्हणून मला नवीन फ्रॉक शिवून ठेवला होतान. लाल."

"मग?"

"मग काय. मी तो फ्रॉक घालून समोर उभी राहिले, तिनं हातानं चाचपला. म्हणाली, छान हाय."

इतक्या वर्षांत हे मला तिने कधीच सांगितलं नव्हतं. प्रशांतने ऑपरेशनची गोष्ट काढायला तोंड उघडलं होतं, मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. त्या दिवशी कुठल्याच तोंडाने ती गोष्ट काढता आली नसती. परतीच्या बोटीत मी ताईचा हात हातात घेऊन बसले. ती म्हणाली, "काय गो, बोट लागली काय तुला?" मी म्हटलं, "हो, लागली."

परत निघायला दोन दिवस उरले तेव्हा प्रशांत आम्हाला मार्सा-श्लोक नावाच्या कोळ्यांच्या गावी घेऊन गेला. गाव बघताच मी म्हटलं, ताई, इथे रंगपंचमी आहे. बंदरभर लुत्सू (मासेमारीच्या लाकडी होड्या), निळ्या, पिवळ्या, तांबड्या, हिरव्या पट्ट्यांच्या. आणि प्रत्येक होडीच्या नाकाडाला दोन बाजूंना दोन डोळे! चांगले भुवईसकट. होडीला वाट दिसावी आणि वाईट टळावं म्हणून फार जुन्या काळापासून तिथे होडीला डोळे काढतात. मी हे सांगितलं आणि ताई थबकलीच.

"होडीला आखणी करतात?"

धक्क्यावर एक म्हातारा आपली होडी ओढून रंगवत बसला होता. कार्मनू त्याचं नाव. पट्टे रंगवून झाले होते, रंगांचे डबे पडले होते. होडीचे जुने कोरीव डोळे किडले म्हणून त्याने त्या जागी लाकडाचे नवे सपाट तुकडे स्क्रूने बसवून पांढरा हात मारून ठेवला होता. होडी अजून आंधळी होती. प्रशांतने त्याला सांगितलं, ही माझी आई, देवाचे डोळे काढते. म्हाताऱ्याने टोपी मागे सारली, ताईकडे पाहिलं, "मेला!" म्हणाला, आणि बारीक ब्रश तिच्यापुढे धरला.

मी म्हणणार होते, ताई, नको. पण तिचा हात आधीच पुढे गेला होता. ब्रश हातात आला आणि बाई बदलली. तिने पदर खोचला, होडीसमोर उकिडवी बसली, डाव्या हाताच्या अंगठ्याने पांढऱ्या लाकडावर मधली जागा चाचपली. आम्ही तिघं आपोआप गप्प झालो. वरची पापणी तिने एका ओढीत काढली, आणि काय सांगू, ती रेघ तीच होती, आमच्या कारखान्यातली. खालची पापणीही बरी आली. मग तिने श्वास धरला, ब्रश काळ्यात बुडवला आणि बुबुळ टेकवलं.

ब्रश खाली ठेवला. होडीवरची नजर न काढता विचारलं, "बघतोय का गो?"

गेल्या श्रावणानंतर पहिल्यांदा.

मी या बाजूने त्या बाजूला चालत गेले. परत आले. बुबुळ वरच्या पापणीतून बाहेर निघून भुवईच्या जागी जाऊन बसलं होतं. कार्मनूने ते पाहिलं होतं. तो उगाच आपल्या डब्याचं झाकण लावत बसला होता. प्रशांत माझ्याकडे बघत होता, डोळ्यांनी विनवत होता, हो म्हण काकी. एका शब्दाने काय बिघडणार होतं? होडी परक्या देशातली, म्हातारा नंतर पुसून नवा काढणार. पण त्या एका शब्दावर आमच्या घरातून इतक्या मूर्ती बाहेर गेल्या होत्या. तो खोटा करायचा, तोही तिच्याशी?

"नाय ताई," मी म्हटलं. "नाय बघत."

तिने बोटाने लाकडाची कड चाचपली. मग विचारलं, "किती चुकलंय?"

"बुबुळ बाहेर गेलंय. वर."

तिने हात लांब केला. कार्मनूला भाषा कळली नसेल, पण मागणं कळलं. त्याने टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला फडका तिच्या हातात दिला. ताईने स्वतःच्या हाताने तो डोळा पुसला, कडेपर्यंत, एकही डाग न ठेवता. मग उठली आणि समुद्राकडे तोंड करून धक्क्याच्या बाकावर जाऊन बसली. प्रशांत पुढे निघाला होता, मी त्याला थांबवलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. मला रडू फुटलं. ताई नाही रडली.

"गप गो," ती म्हणाली. "खरं बोललीस ते बरं केलंस. दुसरं कोणी बोललं नसतं."

"मला माफ कर."

"कशाला? ऐक. आईचं डोळं गेलं त्याचं तिला एवढं नव्हतं. उजेड नसला तरी ती घरात फिरायची, चूल पेटवायची. पण मिठागरावर कुणी नेईना. हाताला काम राहिलं नाय. भिंतीला टेकून बसून राहायची. मला त्याची भीती गो. अंधाराची नाय." तिने हाताला लागलेला काळा रंग पदराला पुसला. "मी म्हणत होते, ऑपरेशन केलं तर आईसारखी होईन. आता मला सांग, गेल्या श्रावणापासून मी कुठं बसते?"

आतल्या खोलीत. भिंतीला टेकून.

"परत गेल्यावर त्या पेणच्या डॉक्टरला सांग," ताई म्हणाली. "आणि आता भूक लागलीय. मासे खायला घाल म्हणावं पोराला, कोळ्यांच्या गावात आणून नुसता वारा खायला घालतो मेला!"

हा मेला आपला होता, माल्टी नव्हे.

आम्ही तळलेले मासे खाऊन परत आलो तेव्हा कार्मनूने होडीचा तो उजवा तुकडा स्क्रू काढून उतरवला होता आणि कागदात बांधून ठेवला होता. तो प्रशांतला म्हणाला, "आईला सांग, घरी ने. जेव्हा जमेल तेव्हा काढ आणि पाठव. डावा डोळा मी काढतो. लाम्पूकी माशाचा हंगाम तुमच्या पावसाळ्यात सुरू होतो, तोवर ही होडी जवळपासच फिरेल, एका डोळ्याने भागेल तिचं." प्रशांतने विचारलं, "दोन डोळे दोन तऱ्हांचे झाले तर?" तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी आणि माझी बायको एका घरात राहतो, कधी एका दिशेने बघितलं नाही. बुडालो नाही अजून." ताईला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा मोकळी हसली. उरलासुरला पापडांचा डबा तिने त्याला देऊन टाकला, चुऱ्यासकट.

निघताना दोरिस रडली, मी रडले. विमानतळावर खुर्ची आली तेव्हा ताई मुकाट्याने बसली. मांडीवर या वेळी तो कागदात बांधलेला लाकडाचा तुकडा होता. तपासणीवाल्याने विचारलं, हे काय? प्रशांतने सांगितलं, होडीचा डोळा. त्या देशात कोणालाच त्याचं नवल वाटत नाही.

पेणला जेठात ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं. आदल्या रात्री ताई जेवली नाही आणि मीही नाही. पट्टी काढायच्या दिवशी तिने मला आत बोलावून घेतलं, डॉक्टरांना सांगितलं, ही समोर पाहिजे. पट्टी निघाली. तिने डोळा मिचकावला, पाणी टिपलं, माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली.

"अगो," ती म्हणाली, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

डॉक्टर हसले, नर्स हसली. मी मात्र तिथे जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडले. म्हातारी तर म्हातारी! कोणी असं म्हातारी म्हणावं यासाठी मी अख्खा समुद्र ओलांडून गेले होते.

आषाढात कारखान्यात मूर्ती आखणीला आल्या. ताईने पहिल्यांदा त्यांच्यातली एकही घेतली नाही. कागद सोडून लाकडाचा तुकडा पाटावर ठेवला. रेडिओ बंद झाला. पापण्या काढल्या, श्वास धरला, बुबुळ टेकवलं, ब्रश ठेवला. मी सवयीने समोरून चालायला उठले. पण तिने विचारलंच नाही. तुकडा उभा धरून तिनेच मान या बाजूला नेली, त्या बाजूला नेली, आणि स्वतःशीच म्हणाली, "बघतोय." मी जागच्या जागी खाली बसले. मग ती मला म्हणाली, "आता चालून बघ. रीत ती रीत." मी चालले आणि म्हटलं, "बघतोय." तेव्हा कुठे तो तुकडा पाटावरून हलला.

श्रावणात प्रशांतने फोटो पाठवला. कार्मनूची होडी पाण्यात, मागे सगळं बंदर. डावा डोळा त्याच्या हातचा, गोल, जरा रागीट. उजवा लांबट, शांत, सरळ आमच्या बाप्पाचा. म्हातारा दोन्हींच्या मध्ये उभा राहून हसतोय. मला वाटलं, ताई आता डोळ्याबद्दल काहीतरी बोलेल. तिने फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. तिचं लक्ष डोळ्याकडे नव्हतंच.

"हा समुद्र हाय?" तिने विचारलं. "एवढा निळा? आपण होतो तेव्हा पण असाच होता?"

"असाच होता."

"आणि तू मला सांगितलं नाय!"

"रोज सांगत होते, ताई! गाडीत सांगितलं, बोटीत सांगितलं, बाकावर बसून सांगितलं. घसा बसला माझा."

महिला मंडळातल्या बायका मला प्रवास लिहून काढ म्हणून मागे लागल्या, म्हणून हे सगळं सांगितलं. उन्हाचं, दगडांचं, चपला जोडीने लावणाऱ्या त्या माणसाचं, निळ्या पाण्याचं. जमेल तसं सांगितलं. पण हे लिहिताना शेजारी आखणी करत बसलेल्या ताईने त्या दिवशी मला जे उत्तर दिलं होतं, ते सारखं कानात वाजतंय. फोन माझ्या हातात परत देत ती म्हणाली होती,

"सांगून दिसतं काय गो? सीझन संपू दे. परत जाऊ."